मढीच्या बाजारात भाषा किती?

पाथर्डी तालुक्यातली मढी. कानिफनाथाची यात्रा, रंगपंचमीचा गाढवांचा बाजार. कैकाडी येतो, वडार, वैदू, बंजारा येतो. पालागणिक बोली निराळी. परक्याशी सौदा मराठीत. मग पोर शाळेत जातं. गुरुजी म्हणतात, नीट बोल. नीट म्हंजे कसं? माय बोलती ते वाकडं?

अमेरिकेत 4 कोटींवर माणसं घरात स्पॅनिश बोलतात. तिथं 2025 साली राष्ट्राध्यक्षाच्या हुकमानं इंग्रजी राजभाषा झाली. आपण हळहळतो. पण आपल्या दारात? 2011 च्या शिरगणतीत लमाणी सांगणारे 32 लाखांवर. ते हिंदीच्या पोटात घातले. संस्कृत सांगणारे 25 हजारांच्या आत. तिला आठव्या अनुसूचीत पाट. म्हणजे भाषेचा मान डोकी मोजून ठरत न्हाई. डोक्यावर कोण बसलंय, त्यावर ठरतो.

घटनेचं 350 अ कलम 1956 पासून सांगतंय— भाषिक अल्पसंख्यांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मायबोलीतून द्यायची सोय करा. कुणी म्हणंल, मराठीबिगर भाकर न्हाई. खरंय. मराठी शिकावीच. पण एक भाषा हातात देताना दुसरी जिभेवरनं उपटायची, हा कुठला न्याय?

दोस्तांनो, आपल्या बोलीला अशुद्ध म्हणणाऱ्यांशी आपण भांडलो. आता आपलीच मराठी कैकाडी पोराच्या पाठीवरची छडी होता कामा नये.