सोबत कुत्रा आहे

अमेरिकेत उन्हाळ्यात आरव्ही घेऊन, म्हणजे स्वयंपाक-झोप-अंघोळीची सोय असलेली चाकांवरची खोली घेऊन, गावाबाहेर पडणाऱ्याला मुक्कामाची जागा राखताना ठरावीक प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. गाडी किती फुटी? वीज 30 ॲम्पियरची हवी की 50ची? माणसं किती? आणि मग, सोबत प्राणी आहे का? इथवर भराभर चाललेला हात या रकान्यापाशी थबकतो. ‘आहे’ म्हटलं की पुढचे रकाने उघडतात. किती? वजन किती? रेबीजची लस टोचल्याचा दाखला? आणि बऱ्याच खासगी तळांवर चक्क जात विचारतात. पिट बुल किंवा रॉटवायलर असं उत्तर आलं की विम्याचं कारण पुढे करून नकार येतो. स्वतः शहाण्यासारखं वागणाऱ्या कुत्र्यालाही जातीवरून दार बंद होतं, हे वाचताना मराठी वाचकाला काही ओळखीचं आठवलं तर नवल नाही.

हाच प्रश्न एकदा हिमालयाच्या पलीकडे विचारला गेला होता. तिथेही वाहन दारात उभं होतं.

महाभारताच्या अठरा पर्वांतलं सतरावं, महाप्रस्थानिक पर्व, अगदी लहान आहे. पाच भाऊ, द्रौपदी आणि हस्तिनापुरापासून मागे लागलेलं एक कुत्रं असे सात जण निघतात. आधी द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, भीम. युधिष्ठिर मागे वळून पाहत नाही. कुत्रं तेवढं पाठीशी राहतं. मग इंद्र रथ घेऊन येतो, बस म्हणतो. युधिष्ठिर म्हणतो, हाही येईल. इंद्राचं उत्तर तळाच्या फाटकावरच्या पाटीइतकं कोरडं आहे: कुत्रं बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. वर कारणही देतो. अशांच्या यज्ञदानाचं पुण्य क्रोधवश नावाचे गण हिरावून नेतात.

या संवादात इंद्राचा एक सवाल खरोखर बोचरा आहे. भाऊ सोडलेस, बायको सोडलीस, मग या कुत्र्यातच असं काय आहे? युधिष्ठिर सांगतो की ते मेले होते, त्यांना परत उठवणं त्याच्या हाती नव्हतं. जिवंतपणी त्यानं कुणालाही टाकलं नाही. आपल्या भरवशावर आलेल्याला टाकणं हे त्याच्या हिशेबी स्त्रीहत्येच्या, ब्राह्मणाचं धन लुबाडण्याच्या, मित्रद्रोहाच्या, शरण आलेल्याला शत्रूच्या हवाली करण्याच्या तोडीचं पाप आहे. यात प्रेमाचा उल्लेख जवळजवळ नाही. कुत्रं गोड आहे, घरातल्या लेकरासारखं आहे, यातलं काहीच तो म्हणत नाही. तो भरवशाबद्दल बोलतो. आणि इंद्राशी हुज्जत घालून नियम मोडून घ्यायचा प्रयत्नही करत नाही. असा स्वर्ग असेल तर तो नको, इतकंच त्याचं म्हणणं. कीर्तनातून ही गोष्ट ऐकलेल्यांच्या ध्यानात युधिष्ठिराचा हट्ट राहतो, पण मूळ प्रसंगात हट्टापेक्षा माघारीची तयारी मोठी आहे.

पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्रं नाहीसं होतं, त्याच्या जागी साक्षात धर्म उभा राहतो, परीक्षा होती म्हणतो, आणि युधिष्ठिर रथात बसतो.

इथे महाभारतकारांनी एक हातचलाखी केली आहे, आणि ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. इंद्राचा नियम मोडलाच नाही! कुत्रं स्वर्गात गेलंच नाही; गेला तो धर्म. खरंखुरं, पिसवा असलेलं, ओल्या नाकाचं कुत्रं आत घ्यायचं की नाही, हा प्रश्न दाराशीच राहिला. गंमत म्हणजे याच ग्रंथाच्या सुरुवातीलाही एक कुत्रं दारातूनच हाकललं जातं. आदिपर्वात जनमेजय राजाचं यज्ञसत्र चालू असताना सरमेचं पिल्लू तिथे येतं. ते हविर्द्रव्याला तोंड लावत नाही, त्याकडे बघतही नाही, तरी राजाचे भाऊ त्याला बडवतात. पिल्लू रडत आईकडे जातं आणि देवांची कुत्री सरमा येऊन राजाला जाब विचारते: अपराध नसताना मारलं का? उत्तर मिळत नाही. शाप मिळतो.

आपल्या परंपरेला कुत्र्याचं वावडं आहे असं म्हणता येणार नाही. अट फक्त एवढीच, की त्यानं कुत्र्याहून काहीतरी अधिक असावं. दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे म्हणजे चार वेद. काशीत शंकराचार्यांच्या वाटेत आलेल्या चांडाळाबरोबर चार कुत्रे होते. तो शिव निघाला आणि कुत्रे पुन्हा वेदच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, आणि त्यांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला. दत्ताच्या देवळात तसबिरीतल्या कुत्र्यांपुढे हात जोडणारा माणूस पायरीवर आलेल्या कुत्र्याला हाड हाड करतो आणि त्याला यात काही विसंगती जाणवत नाही.

याच्या उलट चाल कुराणातल्या गुहेच्या कथेत दिसते. छळापासून पळालेले तरुण गुहेत दीर्घ झोपेत पडतात आणि त्यांचं कुत्रं उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून पडून राहतं. ते कुणी देव निघत नाही की परीक्षा ठरत नाही. पण झोपणारे किती होते यावर लोकांमध्ये जी मतमतांतरं सांगितली आहेत, तीन की पाच की सात, त्यातल्या प्रत्येक मोजणीत कुत्रं धरलेलं आहे. तीन असले तर चौथं कुत्रं, सात असले तर आठवं. आत घेतलं की नाही हा प्रश्न बाजूला ठेवून त्याला गणतीत घेतलं, हे विलक्षण आहे.

आता अमेरिकेच्या रानात परत येऊ. तिथेही ‘काहीतरी अधिक’ असलेल्या कुत्र्याला दार उघडतं. अंध किंवा अपंग माणसाच्या मदतीसाठी शिकवलेला सेवाश्वान जवळपास सगळीकडे जाऊ शकतो. नुसता मनाला आधार देणारा कुत्रा त्या व्याख्येत बसत नाही. अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात 1920च्या दशकापासून सरकारी स्लेज-कुत्रे हिवाळी गस्तीवर जातात, पण पाहुण्यांच्या कुत्र्यांना तिथल्या बहुतेक पायवाटा बंद. बाकीच्या सामान्य कुत्र्यांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा नियम ढोबळमानानं असा: गाडी जाते तिथवर कुत्रं जाईल. तळावर, रस्त्यावर, वाहनतळावर, 6 फुटांहून लांब नसलेल्या साखळीनं बांधून. यलोस्टोनमध्ये रस्ता आणि तळ यांपासून 100 फुटांची हद्द आहे. लाकडी फळ्यांच्या वाटांवर आणि उष्ण झऱ्यांपाशी सक्त मनाई. मेन राज्यातलं अकेडिया उद्यान मात्र उदार आहे. तिथे सुमारे 100 मैलांच्या पायवाटा साखळीतल्या कुत्र्यांना मोकळ्या आहेत. राष्ट्रीय वनांत आणि भूमी व्यवस्थापन खात्याच्या कोट्यवधी एकरांवर तर बहुतेक ठिकाणी कुणी विचारतही नाही. पाणी, वीज, संडास यांतलं काही नाही. साधारण 14 दिवस फुकट राहा, कुत्र्यासह. ग्रामीण भागातल्या जुन्या फिरस्त्यांना हे माहीत असतं, म्हणून ते नावाजलेलं उद्यान दिवसा पाहतात आणि रात्री शेजारच्या वनात तंबू ठोकतात.

मग उद्यानंच एवढी कडक का? इंद्राचं कारण अशुद्धतेचं होतं. इथलं कारण अपायाचं आहे, आणि हा फरक दिसतो त्याहून फार मोठा आहे. अशुद्धतेच्या नियमाला पुरावा लागत नाही. अपायाच्या नियमाला लागतो, आणि सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर तो आहे. 1980मध्ये तिथे 50 लांडगे होते. 1982मध्ये 14 उरले. कुत्र्यांमधला पार्व्हो विषाणू बेटावर पोचला होता, बहुधा कुणाच्या तरी सोबत आलेल्या कुत्र्यामार्फत. त्या पडझडीतून कळप धडपणे सावरलाच नाही. पुढे आपसातल्याच प्रजननानं तो खंगत गेला, दोनच लांडगे उरले, आणि 2018-19मध्ये बाहेरून लांडगे आणून सोडावे लागले. आज त्या बेटावर पाळीव कुत्रं उतरवता येत नाही. उद्यानाच्या हद्दीतल्या बोटीतही ठेवता येत नाही. कुणी बोट बांधून आला आणि म्हणाला, आमचा लाडका कुणाला चावत नाही, तर ते खरंही असेल. त्यानं प्रश्न सुटत नाही. स्वर्गात लांडगे नव्हते, म्हणून युधिष्ठिराला या बाजूचा विचार करावा लागला नाही.

यलोस्टोनचं प्रकरण याहून अवघड आहे. जुलै 1981मध्ये तिथल्या झऱ्यांजवळ उभ्या केलेल्या एका गाडीतून कुत्रं निसटलं आणि थेट एका उकळत्या कुंडात पडलं. पाणी जवळजवळ 94 अंश सेल्सियस. कुत्रं मित्राचं होतं, तरी 24 वर्षांच्या एका तरुणानं त्यामागे उडी घेतली. लोक ओरडून अडवत होते. कुत्रं वाचलं नाही. तो तरुण दुसऱ्या दिवशी गेला. या माणसाला काय म्हणावं? मूर्ख म्हणणारे पुष्कळ निघाले. पण युधिष्ठिराच्या तराजूत त्याला घातलं तर पारडं हलकं जाणार नाही. भरवशावर आलेल्याला जिवंतपणी सोडायचं नाही, हे कलम त्यानं शेवटपर्यंत पाळलं. त्याच तराजूत दुसरंही काही ठेवायला हवं. धर्माचा प्रश्न कुंडाच्या काठावर उभा राहिला, तेव्हा फार उशीर झाला होता. तो खरा सुटणार होता गाडीच्या दारापाशी, साखळीच्या कडीत. 6 फुटांची साखळी हा कुत्र्याच्या स्वातंत्र्यावर घाला आहे असं मानणाऱ्यांनी ते कुंड एकदा बघून यावं. साखळीला दोन टोकं असतात, आणि दुसऱ्या टोकाला माणूसही बांधलेला असतो.

गैरसोयीची आणखी एक गोष्ट. पायवाटेवर कुत्र्याला बंदी, आणि गिझर, म्हणजे जमिनीतून उसळणारं उकळत्या पाण्याचं कारंजं, तर पाहायचाच. मग पुष्कळ जण कुत्र्याला गाडीत ठेवून जातात. बाहेर 24 अंशांचं सुखद ऊन असलं तरी बंद गाडीतला पारा अर्ध्या तासात 40च्या वर जातो. आरव्हीवाल्यांना वाटतं आपल्याकडे एसी आहे, पण तळावरची वीज कधी जाईल सांगता येत नाही. तंबूवाल्यांची अडचण निराळी. यलोस्टोनमधल्या फिशिंग ब्रिजच्या आरव्ही तळावर अस्वलांमुळे पक्क्या भिंतींचंच वाहन चालतं, कापडी तंबूला मनाई. आणि एरवीही कुत्र्याला खुंटाला बांधून निघून जाणं राष्ट्रीय उद्यानांत नियमबाह्य आहे. म्हणजे सोबतच्यांपैकी कुणीतरी एक मागे राहणार किंवा सगळ्यांचं पाहणं अर्ध्यावर येणार. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण काठावर कुत्र्यांसाठी सांभाळघर आहे, तेही दरीत उतरणाऱ्यांची हीच कुचंबणा ओळखून. त्यागाची भाषा इथे जरा जड वाटेल, पण गिझर न पाहता परत येणं हा स्वर्ग नाकारण्याचाच एक छोटा, सुट्टीतला प्रकार आहे.

तो प्रकार जॉन स्टाइनबेक या लेखकाच्या वाट्याला अगदी शब्दशः आला. 1960च्या शरदात तो चार्ली नावाच्या म्हाताऱ्या पूडलला घेऊन देश पाहायला निघाला; मालट्रकवर खोली बसवून घेतली होती आणि तिला डॉन किहोतेच्या घोड्याचं, रोसिनांतेचं नाव दिलं होतं. नायगाऱ्यापाशी कॅनडाच्या बाजूला त्याला कळलं की चार्लीच्या लशीचा दाखला नसेल तर परतताना अमेरिका त्याला आत घेणार नाही. तो वळला. यलोस्टोनला मुळात जायचंच नव्हतं. पण इतक्या जवळ जाऊन पाहिलं नाही असं शेजाऱ्यांना सांगायची भीती वाटली म्हणून गेला. फाटकावर रेंजरनं अस्वलांची सूचना दिली. आमचा चार्ली मांजरांचीसुद्धा खोड काढत नाही, अशी हमी लेखकानं दिली. थोडं पुढे गेल्यावर रस्त्याकडेला पहिलं अस्वल दिसलं आणि त्या सभ्य पूडलच्या अंगात कुणी दुसराच शिरला. तो काचेवर झेपावत होता, फाडून काढायला निघाला होता. दुसरं अस्वल, तिसरं अस्वल, प्रत्येक वेळी तोच थयथयाट. त्याला मागे खोलीत कोंडलं, तरी तो थांबला नाही.

त्यानं गाडी वळवली, ज्या फाटकातून आला त्याच फाटकातून बाहेर पडला, आणि रात्रीचा मुक्काम उद्यानाबाहेर केला. शेजाऱ्यांनी विचारलंच तर, यलोस्टोनला जाऊन आलो, असं सांगायला तो मोकळा होता; किती आत, ते विचारण्याइतके शेजारी चौकस नसतात.