तंबाखूच्या पैशाला हमी हवी

यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत पाळी सुटली की आसपासच्या पानठेल्यांवर हातांना उसंत नसते. पन्नीवर सुपारीची खांडे, सुगंधित तंबाखू आणि चुना टाकायचा, पन्नी मुडपायची आणि फळीवर तळहाताने घोटत राहायचे. माल ओलसर आणि एकजीव झाला की खर्रा तयार. या पुडीतून राज्याच्या तिजोरीत किती पैसे जातात? जवळजवळ काहीच नाहीत. २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी घातली. पुढे सुगंधित तंबाखू, मावा आणि खर्राही त्या यादीत आले. अन्नसुरक्षा कायद्याखालचा हा आदेश दरवर्षी नव्याने काढला जातो आणि खर्राही दररोज नव्याने घोटला जातो. चोरून आलेल्या मालाची पावती फाटत नाही. म्हणूनच ‘तंबाखूवर कर लावा आणि तो पैसा रोग टाळण्यासाठी वापरा’ ही कल्पना इकडे विदर्भात पारखून घ्यायला हवी.

या कल्पनेचे दोन भाग आहेत आणि ते एकदम जन्मलेले नाहीत. कराचा भाग फार जुना. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला तंबाखूचा मनस्वी तिटकारा होता. १६०४ मध्ये त्याने तंबाखूवरची जकात पौंडामागे दोन पेन्सवरून सहा शिलिंग दहा पेन्सवर नेली. १७७६ मध्ये अ‍ॅडम स्मिथने साखर, रम आणि तंबाखू यांना कर बसवण्यासारख्या उत्तम वस्तू ठरवले, कारण त्यांच्यावाचून कुणाचे अडत नाही आणि तरी त्या सगळीकडे खपतात. आपल्याकडे इंग्रज सरकारने १९४३ मध्ये, महायुद्धाच्या खर्चाची तोंडमिळवणी करताना, तंबाखूवर केंद्रीय अबकारी कर बसवला. या तीन शतकांत तंबाखूचा शौकीन हा तिजोरीचा हमखास गिऱ्हाईक होता. त्याच्या फुप्फुसांचे आणि तोंडाचे काय होते, हा प्रश्न हिशेबात नव्हता.

ज्या धंद्यातून पैसा येतो त्याच धंद्यातल्या माणसांवर तो खर्च व्हावा, हा विचार भारतात तंबाखूच्या बाबतीत १९७६ मध्ये कायद्यात उतरला. बिडीवर उपकर बसवून बिडी कामगार कल्याण निधी उभा राहिला. त्यातून कामगारांसाठी दवाखाने, घरकुले, मुलांच्या शिष्यवृत्त्या झाल्या. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बिडी वळणाऱ्या बायांना त्याचे मोल ठाऊक आहे. बिडी ओढणारा मात्र त्या निधीच्या बाहेरच राहिला.

त्याचा नंबर लागला तो परदेशात. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९८७ मध्ये तंबाखूवरच्या करातून ‘व्हिकहेल्थ’ ही संस्था उभी केली. तिने खेळांच्या स्पर्धांना सिगारेट कंपन्या जे प्रायोजकत्व देत, ते स्वतः देऊन कंपन्यांच्या पाट्या मैदानांवरून उतरवल्या. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १९८८ मध्ये सिगारेटच्या पाकिटावर २५ सेंट कर वाढवून घेतला आणि त्यातला ठरावीक वाटा तंबाखूविरोधी शिक्षणासाठी बांधून टाकला. पुढे सरकारने तो पैसा दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला, तेव्हा आरोग्य संघटना थेट न्यायालयात गेल्या. थायलंडने २००१ मध्ये दारू-तंबाखूच्या अबकारी करावर दोन टक्के अधिभार लावून आरोग्यसंवर्धनाचा स्वतंत्र निधी केला. फिलिपिन्सने २०१२ च्या कायद्याने वाढीव उत्पन्नातला मोठा हिस्सा गरिबांच्या आरोग्यविम्याकडे वळवला. अशा रीतीने कर आणि आरोग्य यांची गाठ बसली.

दिल्लीत मात्र ही गाठ वारंवार सुटली. भूजच्या भूकंपानंतर २००१ मध्ये तंबाखू आणि पानमसाल्यावर राष्ट्रीय आपत्ती शुल्क आले. २००५ च्या अर्थसंकल्पात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानासाठी म्हणून सिगारेट, गुटखा आणि खायच्या तंबाखूवर अधिभार बसला, बिडीला सूट मिळाली. गावोगावच्या आशाताई याच अभियानातून आल्या, त्यामुळे खाणाऱ्याचा पैसा त्याच्याच दारात पोचण्याची ती वाट होती. २०१७ मध्ये जीएसटी आला. बिडी कामगारांचा उपकर गेला, आरोग्याच्या नावाचा अधिभारही गेला. त्यांच्या जागी आलेला भरपाई उपकर राज्यांची महसुली तूट भरून काढायला होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने पानमसाल्यावर आणखी एक उपकर मंजूर केला. त्याच्या नावात आरोग्यसुरक्षा आणि राष्ट्रीय सुरक्षा दोन्ही आहेत. भूकंप, महसुली तूट, सीमेचे रक्षण यांतला कोणताच खर्च वायफळ नाही. पण पैसा एका खिशातून येतो आणि दरवेळी वेगळ्याच खात्यात पडतो. भरीला, उपकराच्या रकमेतून राज्यांना ठरलेला हिस्सा द्यावा लागत नाही आणि दवाखाने चालवायचे ते राज्यांनी.

यावर अर्थशास्त्रज्ञांचा जुना आक्षेप आहे. एकेक कर एकेका कामाला जखडला तर सरकारचे हात बांधले जातात, असे ते म्हणतात. ‘ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी’ या न्यायाने आरोग्य खातेच उद्या तंबाखूचा खप टिकावा असे म्हणेल, ही भीतीही बिनबुडाची नाही. तरी आकडे थोडे वेगळे सांगतात. आपल्यासारख्या देशांत किंमत दहा टक्क्यांनी वाढली की खप साधारण पाच टक्क्यांनी घटतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे खाणारे कमी होतात आणि तरी काही काळ उत्पन्न वाढते. २०१७-१८ या वर्षात तंबाखूमुळे देशाचे १ लाख ७७ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाले, असा हिशेब मांडला गेला आहे. तंबाखूवरच्या अबकारीतून मिळालेली रक्कम त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास होती.

हात बांधण्याचा आक्षेप महाराष्ट्राने एकदा खोडून काढलेला आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर पसरली, तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातले वसंतराव नाईक. १९७५ मध्ये त्यासाठी व्यवसाय कर आला. १९७७ च्या कायद्याने निधी उभा केला आणि करातून जमेल तेवढीच रक्कम सरकारने आपल्या पदरची घालावी, असे बंधन घातले. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापलेले पैसे यवतमाळच्या मजुराच्या हजेरीपटापर्यंत पोचले, कारण त्या मजुराला काम मागण्याचा हक्क कायद्याने दिला होता. निधीच्या पलीकडच्या टोकाला हक्काने मागणारा कुणीतरी उभा होता. तंबाखूच्या उपकरांना असा मागणारा कधी मिळालाच नाही.

आता खर्ऱ्याकडे या. देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणाच्या २०१६-१७ च्या फेरीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ तंबाखू खाणारे आणि ३.८ टक्के ओढणारे निघाले. पुरुषांत खाणारे ३१.७ टक्के, बायकांत १६.६. कराचा मुख्य भार सिगारेटवर आणि रोगाचा मुख्य भार खाणाऱ्यांवर, असे हे त्रांगडे आहे. खर्ऱ्यातल्या तंबाखूवर बंदी आहे आणि त्यातली सुपारी एकटीही कर्करोग घडवू शकते. बंदीच्या मालाला कर लावता येत नाही. त्यामुळे इथे कराचा पैसा सिगारेट ओढणाऱ्याकडून येईल आणि तो खर्रा खाणाऱ्यावर खर्चावा लागेल. यात अन्याय नाही. व्यवसाय करही असाच देणाऱ्याकडून वेगळ्या गरजूकडे गेला होता.

खर्च कशावर करायचा, हे अवघड नाही. सुपारीने गालाच्या आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपलीच तीन बोटे एकावर एक उभी धरून समोरच्या दातांमध्ये बसवून पाहायची. दोनच बसली तर डॉक्टरकडे जायची वेळ झाली. एक टॉर्च आणि शिकवलेली नजर असली की गालावरचा पांढरा किंवा लाल चट्टाही दिसतो. तिशीपुढच्या लोकांच्या तोंडाची तपासणी सरकारी कार्यक्रमात आजही आहे, पण ती झाली नाही म्हणून जाब मागायची सोय कुठे आहे? कर्करोग झाल्यावर शस्त्रक्रियेचा खर्च उचलणारी सरकारी योजना मिळते. तो होऊ नये यासाठी लागणारे थोडके पैसे मात्र दरवर्षी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर राहतात.

तंबाखूवरचा कर किती असावा, यावर पुष्कळ लिहिले जाते आणि तो वाढायलाच हवा, विशेषतः बिडीवरचा. चार शतकांच्या या प्रवासात राहून गेलेली गोष्ट मात्र दुसरीच आहे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक माणसाची वर्षातून एकदा तोंडाची तपासणी आणि तंबाखू सोडू पाहणाऱ्याला गावातच मदत, यांची हमी कायद्यात लिहावी. तंबाखूच्या करातला ठरलेला हिस्सा तिला बांधावा, सरकारने तितकीच भर घालावी, आणि तपासणी न मिळालेल्याला लेखी मागणी करता यावी. रोजगार हमी ज्या राज्यात जन्मली, तिथे ही मागणी जगावेगळी ठरू नये. आणि तंबाखूचा खप घटून हा निधी कधी आटला, तर ते नुकसान सोसायला कोणत्याही सरकारची हरकत नसावी.