तिथी ठरवून येणारा पाहुणा

नेदरलँड्सची राजधानी ॲमस्टरडॅम तीन-चार दिवसांत पाहून होते असे मानतात, आणि शहराची बांधणी पाहता ते खोटे नाही. शिपोल विमानतळावरून मध्यवर्ती स्थानकापर्यंत रेल्वेने पंधरा-वीस मिनिटे लागतात. सतराव्या शतकातील कालव्यांची अर्धवर्तुळे पायी ओलांडता येतात. मोठी संग्रहालये एकाच मैदानाच्या कडेला आहेत. त्यामुळे बेत आखताना प्रश्न बहुधा एवढाच असतो, की या दिवसांत काय काय बसवायचे. नऊ लाखांहून थोड्या अधिक वस्तीच्या या शहरात स्वतःला कुठे आणि कसे बसवायचे, हा दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

‘अतिथी’ या शब्दाची परंपरेने सांगितली जाणारी फोड ‘अ-तिथी’ अशी आहे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. दारात अवचित उभ्या राहिलेल्या वाटसरूसाठी आतिथ्याचे नियम झाले आणि त्यांचा भार यजमानावर पडला. सहलीला निघालेला प्रवासी याच्या नेमका उलट असतो. तिथी त्याने स्वतः ठरवलेली असते, तिकीट काढलेले असते, खोलीचे पैसे भरलेले असतात, आणि बोलावणे तर कोणाचेच नसते. अवचितपणाची सवलत अशा पाहुण्याला मागता येत नाही. घरून निघण्याआधी जे ठरवता येते, त्याची जबाबदारी त्याची. सहलीच्या नीतीचा मोठा भाग म्हणूनच बेत आखतानाच ठरून जातो.

भारतीय पारपत्रधारकासाठी पहिली पायरी शेंगेन व्हिसाची. 29 देशांत चालणारा हा अल्प मुदतीचा व्हिसा कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवसांचा मुक्काम करू देतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तो द्यावा लागतो. जून 2024 मध्ये प्रौढांसाठीचे शुल्क 90 युरो झाले. शिवाय किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा, हा यातला मुख्य नियम. दुसऱ्या देशाकडे भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून तिथला मुक्काम कागदावर फुगवायचा, खोलीचे आरक्षण अर्जापुरते करून मग रद्द करायचे, असे मार्ग ‘सगळेच करतात’ एवढ्या आधारावर सुचवले जातात. बेत बदलण्याची मुभा प्रत्येकाला आहे आणि रद्द करता येणारे आरक्षण घेण्यातही गैर काही नाही. जो बेत कधी पाळायचाच नव्हता, तो खरा म्हणून सहीनिशी देणे हे मात्र खोटे बोलणेच. त्याचा भुर्दंड मागच्या रांगेतल्या प्रामाणिक अर्जदाराला पडतो, कारण संशय वाढला की कागदपत्रे सगळ्यांचीच वाढतात.

दुसरा हिशोब अंतराचा. मुंबईहून ॲमस्टरडॅम सुमारे सात हजार किलोमीटरवर आहे. तीन रात्रींसाठी एवढे अंतर जाऊन-येऊन उडणे, हा वेळ आणि इंधन या दोन्हींचा महागडा वापर ठरतो. छोटी शहरसहल ही मुळात जवळ राहणाऱ्यांची सोय. लंडनहून थेट रेल्वेने ॲमस्टरडॅम सुमारे चार तासांवर आहे, ब्रुसेल्सहून दोन तासांवर. युरोपात शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला शनिवार-रविवारला एखादा दिवस जोडून रेल्वेने जाता येते. भारतातून निघणाऱ्याने ही सहल कामाच्या किंवा नात्याच्या मोठ्या प्रवासाला जोडली, तर त्याच उड्डाणात अधिक काही पदरात पडते. हा हिशोब हौसेवर पाणी ओतण्यासाठी नाही. हौस वर्षातून तीनदा उडून भागवायची की एकदाच जाऊन नीट, एवढे त्यातून ठरते.

महिना ठरवणे हेही निवडीचेच काम आहे. एप्रिल-मे ट्यूलिपचा मोसम. त्यातच 27 एप्रिलला राजाचा वाढदिवस साजरा होतो आणि त्या दिवशी रस्ते नारिंगी कपड्यांतल्या माणसांनी भरून जातात. नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत गेल्यास पाऊस आणि गारठा सोसावा लागतो आणि उजेडाचे तास कमी मिळतात. डिसेंबरात तर दिवस आठ तासांहूनही लहान असतो. नाताळचे दिवस वगळले तर त्या काळात शहर आपल्या रहिवाशांकडे थोडे परत आलेले असते. उजेड हवा की निवांतपणा, हे ज्याचे त्याने ठरवावे. फक्त मोसमातच जाऊन गर्दीबद्दल तक्रार करणे शोभत नाही, कारण त्या गर्दीत तक्रार करणाराही मोजलेला असतो.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न सर्वांत नाजूक, कारण पाहुण्याची खोली आणि रहिवाशाचे घर एकाच भिंतींवर हक्क सांगतात. कालव्याकाठचे घर दिवसांच्या भाड्याने दिले तर वर्षभराच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे मिळू लागतात, आणि भाडेकरू शहराबाहेर सरकतो. म्हणून ॲमस्टरडॅमने 2019 पासून राहते घर पर्यटकांना देण्याची मर्यादा वर्षाला 60 रात्रींवरून 30 रात्रींवर आणली, एका वेळी चारच पाहुण्यांची अट ठेवली आणि पुढे नोंदणी क्रमांकही सक्तीचा केला. जाहिरातीत तो क्रमांक आहे की नाही हे पाहायला पाहुण्याला अर्धे मिनिट लागते. स्वस्त मिळते म्हणून विनानोंदणी घर घेणारा फक्त पैसे वाचवत नाही, कोणाचे तरी घर बाजारातून काढून घेण्यात तो भागीदार होतो.

नगरपालिकेने 2021 मध्ये नियमच केला, की पर्यटकांच्या मुक्कामाच्या रात्री वर्षाला दोन कोटींवर जाऊ नयेत. 2024 पासून खोलीच्या भाड्यावर साडेबारा टक्के पर्यटक कर आहे आणि जुने हॉटेल बंद झाल्याशिवाय नव्याला सहसा परवानगी मिळत नाही. हाच कर अनेकांना पाहुण्याकडून उकळलेला दंड वाटतो. पण रस्ते झाडणे, कालवे सांभाळणे, रात्रीचा बंदोबस्त ठेवणे, हे सारे पाहुणाही वापरतो. त्याच्या वाट्याचा खर्च रहिवाशानेच का उचलावा, याचे उत्तर देणे अवघड आहे.

शहराला लागूनच असलेल्या ॲमस्टेलवीनमध्ये भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरेही आहेत. नातेवाइकाकडे उतरले की खोलीभाडे वाचते, पण यजमानाचा खर्च वेगळ्या नाण्यात होतो. व्हिसासाठी राहण्याची सोय केल्याचा कागद त्याला सहीनिशी द्यावा लागतो. घरात दोघेही नोकरीला जाणारे असतात, कामाला मावशी येत नाहीत, सुट्ट्या मोजून घ्याव्या लागतात. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई आणि तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, ही म्हण भरल्या वाड्यात, पाच हात राबत असताना तयार झाली. दोन खोल्यांच्या परदेशी घरात तिचा काटा आणखी लवकर सरकतो. अशा घरी जाणाऱ्याने आपली फिरण्याची सोय आपणच लावावी, भांडी विसळावीत आणि एक संध्याकाळ तरी यजमानाला स्वयंपाकातून सुटी द्यावी.

‘शहरावर पडणारा भार’ हा शब्दप्रयोग इथे अक्षरशः खरा आहे. मऊ जमिनीमुळे जुने ॲमस्टरडॅम लाकडी खुंटांवर उभे राहिले. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे 13,659 खुंट असल्याचे सांगतात. कालव्यांच्या भिंतीही जुन्या खुंटांवर टेकल्या आहेत. ग्रिमबर्गवाल येथे 2020 मध्ये अशीच एक भिंत कालव्यात कोसळली. अवजड वाहनांना जुन्या भागात बंधने आली ती या दुखण्यामुळेही. मोठ्या सहलकंपनीबरोबर जाणाऱ्याने बस थेट दारात लागावी असा आग्रह धरू नये आणि थोडे चालण्याची तयारी बेतातच ठेवावी. शहरात फिरायला ट्राम, मेट्रो आणि स्वतःचे पाय पुरतात. स्थानकामागच्या ‘आय’ या पाण्यावरच्या फेरीबोटी पादचाऱ्यांना आणि सायकलस्वारांना फुकट नेतात. ट्राममध्ये चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा बँकेचे कार्ड यंत्राला लावायचे असते. तांबड्या रंगाचा पट्टा सायकलींचा. त्यावर थांबून छायाचित्र काढणारा पाहुणा कामावर निघालेल्या माणसाच्या वाटेत उभा असतो, आणि सायकलची कर्कश घंटा त्याला तेच सांगते.

बेत आखणाऱ्याचा सर्वाधिक वेळ खाते ती पाहण्याच्या ठिकाणांची यादी. राइक्सम्युझियममध्ये सुमारे 8,000 वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीपुढे दहाच सेकंद थांबायचे ठरवले तरी बावीस तास लागतात. म्हणजे ‘सगळे पाहून घेऊ’ हा बेत अंकगणितालाच मान्य नाही. एक ना धड भाराभर चिंध्या गोळा करणाऱ्याला रेम्ब्रांचे 1642 मधले ‘नाइट वॉच’ समोरच्या माणसाने उंच धरलेल्या मोबाइलच्या पडद्यात दिसते. दिवसाला एक संग्रहालय, एक पायी फेरी आणि काहीही न ठरवलेले दोन तास, एवढ्यावर थांबणाऱ्याला निदान काही चित्रे चेहऱ्यासकट आठवतात. वेळ कमी असला की वगळणे हेच बेताचे खरे काम होते. वगळलेल्या गोष्टींचा शोक करत फिरणारा मात्र पाहिलेल्या गोष्टींनाही मुकतो.

प्रिन्सेनग्राख्ट 263 या पत्त्यावरचे ॲन फ्रँकचे घर या यादीत इतरांसारखे बसत नाही. 6 जुलै 1942 रोजी तेरा वर्षांची ज्यू मुलगी ॲन नाझींपासून वाचण्यासाठी कुटुंबासह या इमारतीच्या मागच्या भागात लपली. पुढे तिथे लपलेल्यांची संख्या आठ झाली. 4 ऑगस्ट 1944 रोजी ते सारे पकडले गेले. छळछावण्यांतून एकटे तिचे वडील ऑटो परतले. 1947 मध्ये तिची रोजनिशी पुस्तकरूपाने आली आणि 1960 मध्ये ते घर लोकांसाठी खुले झाले. तिकीट केवळ संकेतस्थळावर मिळते. दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या भेटींची तिकिटे खुली होतात आणि भराभर संपतात. इथे शहर पाहुण्याकडे तिथीच नव्हे, घटिकाही मागते. आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. तिकीट मिळाले नाही तर दारासमोर हसरे छायाचित्र काढून यादीवर खूण करण्यापेक्षा, 2021 मध्ये उभारलेल्या होलोकॉस्ट नामस्मारकाकडे चालत जाता येते. तिथल्या विटांवर नेदरलँड्समधील 1,02,000 हून अधिक बळींची नावे आहेत. एकेक वीट, एकेक नाव. तिथे तिकीट लागत नाही, रांगही नसते.

देहविक्रयाच्या जुन्या वस्तीबद्दलही बेतातच ठरवून टाकणे बरे. नेदरलँड्समध्ये हा व्यवसाय 2000 पासून कायद्याच्या चौकटीत आहे. तो कायदेशीर आहे म्हणून प्रेक्षणीय ठरत नाही. खिडक्यांसमोरून पर्यटकांचे गट फिरवण्यावर 2020 मध्ये बंदी आली, आणि मे 2023 पासून त्या वस्तीच्या रस्त्यांवर गांजा ओढण्यासही मनाई आहे. काचेआडची स्त्री कामावर असते. तिचे छायाचित्र घेणे म्हणजे तिच्या चेहऱ्यावर तिला न विचारता हक्क सांगणे.

मराठी वाचकाला या शहरात एक ओळखीचा धागा सापडतो. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीचे ॲमस्टरडॅममधले कार्यालय आजही उभे आहे आणि विद्यापीठाच्या वापरात आहे. याच कंपनीने 1637 मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीत आणि कालव्याकाठच्या देखण्या घरांत एकाच व्यापाराची दोन टोके दिसतात. त्या वैभवाला गुलामीचाही हातभार होता. शहराच्या वतीने महापौरांनी 1 जुलै 2021 रोजी आणि राजाने 1 जुलै 2023 रोजी त्याबद्दल क्षमा मागितली. यजमानाने आपल्या इतिहासाची उणी बाजू मांडली असेल, तर पाहुण्याने फक्त चकाकणारी बाजू पाहून परतणे अपुरे ठरते.

उरतो खर्च आणि कचरा. अनेक दुकाने रोकड घेत नाहीत, त्यामुळे कार्ड जवळ लागते. नळाचे पाणी निर्धोक असल्याने बाटल्या विकत घेण्याचे कारण नसते. पेयाच्या छोट्या बाटलीवर आणि डब्यावर पंधरा सेंट अनामत असते. ती परत घ्यायला वेळ नसेल तर डबा कचराकुंडीत टाकण्याऐवजी जोडलेल्या कडीत किंवा कुंडीशेजारी उभा ठेवावा. ते पंधरा सेंट गोळा करून काही माणसे दिवस काढतात.

सहलीचे शेवटचे काम परतल्यावरचे असते, सांगण्याचे. ज्या चिंचोळ्या गल्लीत आज बिस्किटांसारख्या साध्या खाऊसाठी शेजाऱ्यांची दारे अडवून रांगा लागतात, तिथे त्या कोणी तरी टाकलेल्या एका चित्रफितीने लावलेल्या असतात. शहराने संग्रहालयांच्या मैदानावरची स्वतःच्या नावाची प्रचंड अक्षरे 2018 च्या डिसेंबरात उचलून नेली, तेव्हा छायाचित्रासाठी त्यांवर चढणाऱ्यांची जागा मोकळी झाली. एकाने सांगितलेला बेत दुसऱ्याची यादी बनतो. म्हणून कुठे गेलो याच्या जोडीने काय वगळले आणि का, तिकीट किती आधी काढले, कोणत्या महिन्यात शहर निवांत होते, हेही सांगितले, तर पुढचा पाहुणा तिथी ठरवताना यजमानाचाही विचार करू शकतो.