जागरणाची थकबाकी

चेन्नईच्या दक्षिण भागात, पळ्ळिकरणैच्या दलदलीपासून फार दूर नसलेल्या वेलचेरीत दंडीश्वराचे जे प्राचीन शिवालय आहे, त्याच्या स्थलपुराणाने एक विलक्षण कल्पना सांभाळून ठेवली आहे. मार्कंडेयाचे प्राण हरण करण्याच्या हट्टापायी ज्याने शिवाचा कोप ओढवून घेतला, त्या यमाचा दंड आणि दंडाबरोबर अधिकारही गेला. पुढे त्याने या जागी शिवाची आराधना केली आणि दंड त्याला परत मिळाला, म्हणून येथला देव दंडीश्वर. ज्याच्या दप्तरात सुटीचा दिवस नाही असा अंमलदार पुराणांनी यमाच्या रूपाने उभा केला खरा, परंतु तोही काही काळ कामावेगळा झाला आणि सृष्टी बुडाली नाही, ही गोष्ट वेलचेरीच्या आजच्या रहिवाशांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण तरमणी, पेरुंगुडी आणि तेथून पुढे जुन्या महाबलिपुरम् रस्त्याच्या दुतर्फा ज्या संगणक कंपन्या उभ्या आहेत, त्यांपैकी कित्येकांचा दिवस आपल्याकडे दिवेलागण झाल्यावर उगवतो. तेव्हा अमेरिकेत सकाळ होत असते. पुण्या-नागपुराकडून नोकरीसाठी आलेली आपली मराठी मुले-मुलीही त्या रात्रपाळीत असतात आणि सूर्य वर आल्यावर खिडक्यांना जाड पडदे लावून निजतात.

त्यांना उपदेश करण्याचा माझा हेतू नाही. मला पडलेला प्रश्न जुना आहे: झोप ही देहाची दुर्बलता समजून जिंकावी, की देहाचा धर्म समजून पाळावी?

वरवर पाहता आपल्या परंपरेने कौल जागृतीच्या बाजूने दिलेला दिसतो. एकादशीचे जागरण, महाशिवरात्रीच्या चार प्रहरांच्या पूजा, खंडोबाचे जागरण, अंबेचा गोंधळ, ही सारी रात्रीवर मिळवलेल्या विजयाचीच रूपे होत. अर्जुनाला गुडाकेश म्हणून गौरवले गेले ते त्याने निद्रा जिंकली म्हणून. आणि समर्थांनी तर दासबोधाच्या अठराव्या दशकातला नववा समास झोपेलाच वाहून, निजलेल्या माणसांची अशी काही फजिती मांडली आहे की वाचणाऱ्याला हसता हसता आपलीच ओळख पटावी. तमिळ देशात मार्गळी महिना लागला की आंडाळच्या तिरुप्पावैतील तीस पदे पहाटेच्या अंधारात गायिली जातात, आणि त्यांत सखी सखीला उठवीत असते. (रात्रपाळी आटोपून पहाटे पाचाला अंथरुणावर पडलेल्या माणसाला देवळाच्या ध्वनिक्षेपकावरून ही पदे ऐकताना काय वाटत असेल, हा भक्तिशास्त्रात कोणी न चर्चिलेला विषय आहे.)

पण उपनिषदांकडे वळावे तो कौल उलटतो. दिवसभर आकाशात हिंडून थकलेला पक्षी जसा घरट्याकडे परततो तसा जीव सुषुप्तीकडे जातो, असे बृहदारण्यक सांगते. आणि छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला समजावतो की गाढ झोपेत मनुष्य सत्-स्वरूपाशी एक झालेला असतो. म्हणजे ऋषींच्या लेखी झोप हा आयुष्यातला वाया गेलेला तृतीयांश नव्हे. ती रोजची मूळ घराची वारी आहे. मात्र त्याच छांदोग्यात इंद्राचा आक्षेपही नोंदलेला आहे: गाढ झोपलेल्याला 'हा मी' एवढेही भान उरत नाही, तो जणू नाहीसाच होतो, असल्या अवस्थेत मला काही लाभ दिसत नाही. प्रजापतीने हा आक्षेप फेटाळला नाही. आणखी पाच वर्षे राहा, मग पुढचे सांगतो, म्हणाला. झोपेला मोक्ष समजण्याची चूक करू नये एवढे यातून निघते, झोप टाळावी असे मुळीच निघत नाही.

वैद्यांनी हा वाद अधिक सरळपणे मिटवला. चरकाने शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले, त्यांत आहाराच्या लगेच पुढे निद्रा आहे. वाग्भटाने तर कारकुनी काटेकोरपणाने नियमच घालून दिला: सवय नसता जागरण घडले, तर जितका वेळ जागला त्याच्या निम्मा वेळ सकाळी, उपाशीपोटी, झोपून घ्यावा. जागरणाची बाकी राहते आणि ती फेडावी लागते, ही समज या नियमाच्या मुळाशी आहे.

ही बाकी किती खोल जाते ते अलीकडच्या शास्त्राने दाखवले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातील एका प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणावर राहू दिले, तेव्हा रक्तातील साखर हाताळण्याची त्यांच्या देहाची शक्ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसासारखी मंदावली. शरीराच्या पेशींत दिवस-रात्रीचे घड्याळ कसे चालते हे उलगडणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या घड्याळाला जाड पडद्यांनी सहसा फसवता येत नाही, आणि म्हणूनच रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप तुटक आणि अपुरी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 2007 साली दैनिक लय बिघडवणारी पाळी ही बहुधा कर्करोगकारक असल्याचे ठरवले. परंतु मला सर्वांत अस्वस्थ केले ते पेन्सिल्व्हेनियातल्या 2003 च्या एका प्रयोगाने. चौदा दिवस रोज सहाच तास झोप मिळालेल्यांचे अवधान दिवसेंदिवस ढासळत गेले आणि अखेरीस पूर्ण रात्रीचे जागरण केलेल्यांच्या पंक्तीला जाऊन बसले. पण त्यांना विचारले तर आपण थोडेसेच पेंगुळलो आहोत असे ते सांगत. ज्याच्या साक्षीवर निवाडा करायचा तो साक्षीदारच फितूर झालेला असतो. 'मला चार तास पुरतात' असे अभिमानाने सांगणाऱ्यांची जबानी म्हणूनच पुराव्यात धरता येत नाही. आणि हे सांगणारे बहुधा इतरांच्या पाळ्या ठरवणारे अधिकारी असतात.

मग व्रतातल्या जागरणाचे काय? त्याचे उत्तर मला पंढरपुरात सापडते. आषाढ शुद्ध एकादशीचे नाव शयनी. त्या दिवशी विष्णू क्षीरसागरात चार महिन्यांच्या निद्रेला जातो असे पंचांग सांगते, आणि नेमक्या त्याच दिवसांत विठ्ठल मात्र अहोरात्र उभा असतो. वारीच्या आधी चांगला दिवस पाहून देवाच्या शेजघरातला पलंग काढतात, काकडा आणि शेजारतीसारखे राजोपचार थांबतात, आणि चोवीस तास दर्शन सुरू होते. उभ्या देवाच्या पाठीशी मऊ लोड ठेवला जातो, कारण भक्तांसाठी जागणाऱ्याची पाठ दुखणारच. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते: देवाला ऊन पाण्याने स्नान, पंचपक्वान्नांचा नैवेद्य, रात्री शीण जावा म्हणून औषधी काढा, आणि पलंग पुन्हा शेजघरात. सर्वशक्तिमानाला शीण येतो असे मानणे तर्काला धरून नाही, हे बडव्यांना आणि वारकऱ्यांना कळत नव्हते असे नाही. तरीही त्यांनी देवाच्या जागरणाला मुदत घातली आणि भरपाईची तजवीज केली. देवाला जे लागू केले त्यातून माणूस सुटू नये, हा त्यामागचा विवेक असावा असे मी समजतो.

व्रत आणि पाळी यांतला भेद इथे आहे. दोन्हींत देह सारखाच झिजतो. भक्तीने जागलात म्हणून यकृत सवलत देत नाही. पण व्रत माणूस स्वतः पत्करतो, त्याची तिथी ठरलेली असते, आणि पारण्यानंतर त्याला कोणी उठवत नाही. पाळी दुसऱ्याच्या घड्याळावर चालते, महिनोन्महिने. रुग्णालयातली परिचारिका, रेल्वेचा सिग्नलवाला, गस्तीवरचा शिपाई यांनी जागलेच पाहिजे, हे कोणी नाकारणार नाही. विठ्ठलही निष्कारण जागत नाही. प्रश्न जागण्याचा नसून प्रक्षाळपूजेचा आहे. पगाराच्या चिठ्ठीत रात्रपाळीचा भत्ता असतो, तो रोख मिळतो. परंतु आठवड्याच्या दोन सुट्यांत पुन्हा दिवसाचा माणूस होऊन बाजारहाट, बँक, मुलांची शाळा आणि गावाकडचे फोन उरकणाऱ्याला वाग्भटाचा तो निम्मा वेळ कोणत्या खात्यातून मिळायचा, हे त्या चिठ्ठीत कुठे लिहिलेले नसते. कामाच्या वेळापत्रकात ते लिहिता येईल. पाळी संपण्याची मुदत आधी ठरवता येईल, आणि महिनाभर रात्री जागलेल्याला पुढचे काही दिवस सकाळी कोणी बैठकीला बोलावू नये एवढा हुकूम काढायला कोणत्याही कंपनीला वेदान्त शिकावा लागणार नाही.