सही एकदा, मालकी आयुष्यभर

ऑक्टोबर 1969 मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स या अमेरिकी बेसबॉल संघाने आपला खेळाडू कर्ट फ्लड याला फिलाडेल्फियाच्या संघाकडे देऊन टाकले. बारा वर्षे तो त्यांचा सेंटर फील्डर होता. मैदानाच्या मागच्या बाजूचा सगळा मधला पट्टा त्याच्या भरवशावर असे. 1966 च्या अख्ख्या हंगामात क्षेत्ररक्षणात त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. ‘गोल्ड ग्लव्ह’ हा क्षेत्ररक्षणाचा मान त्याने सलग सात वर्षे मिळवला. अशा खेळाडूला ‘तुला जायचे आहे का?’ एवढे विचारावे, असेही कुणाला वाटले नाही.

विचारण्याची गरजच नव्हती. बेसबॉलच्या करारात ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम होते. मुदत एका वर्षाची. पण ती संपली की संघ आपल्या मर्जीने करार वाढवू शके. संघाला खेळाडू विकता येई, खेळाडूला मात्र दुसरा संघ शोधता येत नसे. 24 डिसेंबर 1969 रोजी फ्लडने कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहून कळवले की, मनाविरुद्ध विकली जाणारी मालमत्ता मी नाही; इतर संघांचे प्रस्ताव विचारात घेण्याची मोकळीक मला हवी. कून यांनी मागणी नाकारली आणि फ्लड न्यायालयात गेला.

वर्षाला 90 हजार डॉलर मिळवणाऱ्याने गुलामगिरीची भाषा करावी, याचा अनेकांना राग आला. पण तो बोलत होता ते अनुभवातून. उमेदवारीच्या काळात, अमेरिकेच्या दक्षिणेत दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, त्याने घामेजलेला गणवेश गोऱ्या सहकाऱ्यांच्या कपड्यांच्या ढिगावर टाकला. कर्मचाऱ्याने तो लांब काठीने उचलून बाजूला केला. त्याचे कपडे कृष्णवर्णीयांच्या धुलाई केंद्रातून परत येईपर्यंत तो उघडाच बसून राहिला. माणसाला वस्तू मानणे म्हणजे काय, हे त्याला पगाराच्या आकड्यावरून शिकायचे नव्हते.

हे कलम गेले तर श्रीमंत संघ सगळे चांगले खेळाडू पळवतील, असे मालक म्हणत. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. पण स्पर्धेतल्या समतोलाची किंमत एकट्या खेळाडूने का मोजावी? नियम त्याच्याशी बोलूनही ठरवता येतात. मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या 1976 च्या करारात तसेच झाले आणि खेळाडूंना सहा वर्षांच्या सेवेनंतर मोकळे होण्याचा हक्क मिळाला.

फ्लडला मात्र त्याचा उपयोग झाला नाही. खटल्यात निवृत्त खेळाडू जॅकी रॉबिन्सनने त्याच्या बाजूने साक्ष दिली, पण त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला उभा राहिला नाही. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 3 मतांनी त्याच्या विरोधात निकाल दिला. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांच्या निकालपत्राच्या सुरुवातीला ऐंशीहून अधिक नामवंत खेळाडूंची नावे गौरवाने नोंदवली आहेत. बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मिळालेली सूट ही विसंगती आहे, हेही त्यात मान्य केले आहे. तरीही ती दूर करण्याचे काम न्यायालयाने संसदेवर सोपवले. खेळावर एवढे प्रेम, आणि खेळणाऱ्याला न्याय नाही!

1975 मध्ये खेळाडू संघटनेने लवादापुढे हे कलम मोडून काढले. ती लढाई वेगळी होती, हे खरे. पण या कलमाचा अन्याय देशाच्या वेशीवर टांगला तो फ्लडने, आणि त्यासाठी स्वतःची कारकीर्द पणाला लावून. 1970 चा हंगाम तो खेळला नाही. 1971 मध्ये वॉशिंग्टनकडून जेमतेम 13 सामने खेळून थांबला. 20 जानेवारी 1997 रोजी, वयाच्या 59 व्या वर्षी तो गेला. संसदेने त्याच्या नावाने कायदा केला तो 1998 मध्ये.

भरपूर पैसा संमतीची जागा घेऊ शकत नाही. फ्लड खटला हरला. त्याचे म्हणणे हरले नाही.