डिस्चार्ज मिळाला, जबाबदारी संपली काय?

रुग्ण इस्पितळात असतो तोवर त्याची जबाबदारी डॉक्टर व परिचारिकांवर असते. घरी पोहोचल्यावर ती कुटुंबावर येते. परंतु या दोहोंच्या मधल्या वाटेवर तो कोणाची अमानत असतो? वाचकहो, या प्रश्नाचा आपण क्वचितच विचार करतो.

भांडुप पश्चिमेच्या डोंगरउतारावरील वस्त्यांचेच उदाहरण घ्या. मुलुंड, घाटकोपर वा शीवच्या इस्पितळातून घरी निघालेल्या येथील रुग्णाची रिक्षा अनेकदा चढणीच्या पायथ्याशीच थांबते. टाके ओले असताना पुढच्या पायऱ्या तो कसा चढणार, हे डिस्चार्ज-कार्डावर लिहिलेले नसते. जुन्या गोळ्या घरातील डब्यात, नव्या हातातील पिशवीत. त्यांतील कोणत्या बंद करायच्या, हे कोणी विचारलेले नसते. औषधांमुळे होणारी हानी टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये जगभर मोहीम सुरू केली. तिच्या तीन प्रमुख विषयांपैकी एक होता रुग्णाच्या स्थलांतराच्या वेळी घडणाऱ्या चुका.

सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती हक्कदारांच्या स्वाधीन करण्याचा आदेश आहे. स्वाधीन करणे म्हणजे दारात ठेवून निघून जाणे नव्हे. देणाऱ्याने समजावून द्यावे आणि घेणाऱ्याने समजून घ्यावे, तेव्हाच अमानत पोचती होते. सूरह अल्-बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे. पैशाबाबत एवढी दक्षता, तर प्राणाबाबत केवळ तोंडी ऐकून घरी येणे कितपत योग्य? म्हणून निघण्यापूर्वी विचारा आणि आपल्या भाषेत लिहून घ्या : कोणते औषध केव्हा, कोणते बंद, कोणते लक्षण दिसताच परत यायचे, पुन्हा कधी दाखवायचे. विचारण्यात संकोच नसावा. तो रुग्णाचा हक्क आहे.

हा विचार मुस्लिम समाजाला नवा नाही. सुलतान कलावून याने १२८४ मध्ये कैरो येथे उभारलेल्या इस्पितळातून बरा होऊन निघणाऱ्या गरीब रुग्णाला वस्त्रे व काही रक्कम दिली जात असे, जेणेकरून त्याला लगेच मजुरीला जुंपावे लागू नये. घरीच अंथरुणाला खिळलेल्या गरिबांना औषध व अन्न पोहोचवण्याची तरतूदही त्याच्या वक्फमध्ये होती. त्या काळच्या लोकांनी रुग्णाची जबाबदारी इस्पितळाच्या दाराशी संपवली नाही.

आता घरातील प्रश्न. शुश्रूषा कोणी करायची? आपण ती सहजपणे सुनेवर सोपवतो व स्वतः कामाला निघून जातो. आईवडिलांची सेवा हे मुलाचे कर्तव्य आहे. सुनेने केलेली सेवा हा तिचा एहसान आहे, त्याची कदर व्हावी. बद्रच्या युद्धाच्या वेळी हजरत उस्मान (रजि.) यांची पत्नी, प्रेषितांची कन्या हजरत रुकय्या (रजि.), आजारी होत्या. प्रेषित (स.) यांनी त्यांना पत्नीजवळ थांबण्यास सांगितले आणि बद्रमध्ये सहभागी झालेल्यांइतकाच मोबदला व वाटा त्यांना दिला. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्या पुरुषाचे स्थान यावरून ओळखावे.

काही जण म्हणतात, शिफा अल्लाहच्या हाती आहे, मग एवढी काळजी कशासाठी? शिफा त्याच्याच हाती आहे, यात शंका नाही, परंतु उंट आधी बांधावा, मग तवक्कल करावा, हीच प्रेषितांची (स.) शिकवण आहे. औषधाची वेळ पाळणे हे उंट बांधणेच होय.

खंदकच्या युद्धात हजरत साद बिन मुआज (रजि.) जखमी झाले, तेव्हा जवळून विचारपूस करता यावी म्हणून प्रेषितांनी (स.) त्यांचा तंबू मस्जिदीतच उभारवला. आपली इयादत मात्र पुष्कळदा गर्दी, गप्पा आणि घरच्यांना चहाचा भार एवढ्यावर येऊन थांबते. मोहल्ल्यातील चार तरुणांनी खुर्चीवर बसवून रुग्णाला पायऱ्या चढवून नेले, एखाद्याने पुढच्या तपासणीला सोबत केली, शेजारच्या घरातून आठवडाभर डबा आला, तर ती इयादत सार्थ ठरेल. तुमच्या गल्लीत पुढच्या वेळी कोणी इस्पितळातून परतेल, तेव्हा भेटायला जाण्याआधी एवढेच विचारा : आज यांना कशाची गरज आहे?

अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो आणि ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी आपणा सर्वांना प्रदान करो. आमीन.