सही कुणाची

माझ्या आजीची अकरा बाळंतपणं, जगली पाच. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, पण आमच्या वाडीला ते कोण सांगणार? आईच्या वेळी १९७१ चा गर्भपाताचा कायदा होता. त्यात सज्ञान बाईचीच संमती लागते, नवऱ्याची नाही. तरी दवाखान्यात विचारलं, “मालक कुठायत? सही लागंल.” आई माघारी आली, अन् मी जन्मले.

हे तिनंच सांगितलं, भाकरी थापताना. राग आलाच. पण तिचा हक्क खरा मानायचा, तर माझं नसणंही कबूल करावं लागतं. तिथं जीव अडतो.

लेकीनं विचारलं, “आज्जीची सही चालली असती तर?”

“चालायलाच हवी होती,” मी म्हणाले.

आईनं मान वर केली नाही. तव्यावरची भाकर करपली.